आत्याची बिनव्याजी सायकल

आत्याने आयुष्यात कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणली नव्हती. मागणाऱ्याला द्यायची, परत आलं नाही तर विसरून जायची, पण स्वतः कुणापुढे हात पसरणं तिच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे तिने हप्त्यांवर सायकल घेतली हे ऐकल्यावर मी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. चहा टाकू का, म्हणाली.

माझी आत्या कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्यांचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवतात. त्यात प्लॅस्टर ओतून साचा करतात, साच्यावर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढतात आणि त्या मेणात आत्या एकेक दात बसवते. उभा जन्म तिने हेच केलं. ज्यांच्या तोंडात तिचे दात आहेत त्यांतलं एकही माणूस तिने पाहिलेलं नाही, पण साच्यांवरून तिने सगळ्यांची घरं उभी केलेली असतात. हा डाव्या बाजूनेच चावतो, घाईघाईत उभ्याने जेवत असणार. ही झोपेत दात आवळते, घरात कुणाशी तरी अबोला असणार. कवळ्या सोड आणि भविष्य सांगायला बस, असं मी म्हणायचो, त्यावर ती मला माझे दात नीट घासायला सांगायची.

दोन भावांची शिक्षणं तिने केली, त्यातला एक माझा बाप. तिच्या लग्नाचं बघू, बघू म्हणता म्हणता बघायचं राहून गेलं. मग भाऊ संसाराला लागले, आईवडील गेले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आत्या एकटी उरली. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. बाकीच्या दिवशी ती घरी आली काय, न आली काय, कुणाला पत्ताही लागला नसता. हे ती कधी बोलली नाही, पण मी निघताना ती प्रत्येक वेळी एखादी नवी गोष्ट काढून मला दारात उभं करायची. ते मला कळायचं आणि वाईट वाटायचं.

सायकलची गोष्ट अशी झाली की लॅबच्या मालकाने बाजारातली जागा विकली आणि सगळं बिऱ्हाड कालव्यापलीकडच्या शेडमध्ये नेलं. तिकडे बस जात नव्हती. आत्या पायी जायला लागली आणि महिनाभरात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मी पैसे पुढे केले तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने कप तोंडाला लावला. मग तिला ते दुकान दिसलं. एका बोळाच्या तोंडाशी, आत दिवसाही दिवा लागलेला, आणि काचेवर हाताने रंगवलेलं: नव्या सायकली, बिनव्याजी हप्त्यांवर.

दुकानदार साठीचा, सावकाश बोलणारा, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावणारा माणूस होता. व्याज घेत नाही तर तुम्हाला काय सुटतं, असं आत्याने त्याला तोंडावर विचारलं. आमचं भागतं, एवढंच तो म्हणाला. अट एकच होती. प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या असतात. एक गिऱ्हाइकाची, दुसरी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत दुकानाच्या भिंतीवर, खिळ्याला. तोवर सायकल एकट्या तुमची नाही, असं त्याने तिला नीट समजावून सांगितलं होतं, आणि हप्ते थांबले तर सायकल परत घ्यावी लागेल हेही. आत्याला हे पटलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची तिला भीती वाटते, अट असली की जिवाला बरं वाटतं.

सायकल हिरवी होती. आत्या जेमतेम माझ्या खांद्याला लागते, म्हणून सीट खाली जाईल तितकी खाली बसवून घेतली. रोज संध्याकाळी ती सायकल जिन्याखाली लावायची, कुलूप घालायची आणि शिवाय जिन्याच्या कठड्याला साखळी गुंडाळायची. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तिने टांग टाकली आणि तिचे पाय जमिनीला टेकेनात. सीट चांगली वीतभर वर होती.

इमारतीतल्या पोरांचा चावटपणा, असं म्हणत तिने पाना आणून सीट खाली केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. कुलूप जसंच्या तसं, साखळी जशीच्या तशी, आणि टायरांना ओली तांबूस माती. पाऊस नव्हता. आमच्या भागातली माती काळी आहे, तांबूस माती मी तरी इथे कुठे पाहिलेली नाही.

मी विजेचे मीटर वाचतो. कोण कुठून चोरून तार ओढतं हे हुडकण्यात माझी हयात चालली आहे, त्यामुळे माझा संशय सरळ दुसऱ्या किल्लीवर गेला. हा बाबा माझ्या आत्याची सायकल कुणाला तरी भाड्याने देतो, अशी खात्री करूनच मी तावातावाने दुकानात शिरलो. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला भिंतीपाशी नेलं. आत्याची किल्ली खिळ्याला होती. किल्लीपासून खिळ्यापर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं होतं आणि त्यावर धूळ बसली होती. वर तो म्हणाला की मी जन्मात सायकलवर बसलेलो नाही, मला भीती वाटते. भांडायला गेलेल्या माणसाची याहून वाईट फजिती होत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून सायकल वर खोलीत नेली. आत्याची कॉट आणि भांड्यांची मांडणी यांच्यामध्ये ती बरोबर मावली. आत्या एरवी नळ ठिबकला तरी जागी होते. दाराला आतून कडी घालून ती झोपली आणि सकाळी तिने मला फोन केला तो इतक्या हळू आवाजात, की मला वाटलं तिला बरं नाही. मी तसाच धावलो.

सीट वर होती. दारापासून सायकलीपर्यंत फरशीवर चाकाची एक ओली रेघ होती, आणि मी येऊन दार ठोठावेपर्यंत कडी आतूनच होती. टायर हाताला गार लागले. सीटवर मी हात ठेवला आणि चटकन काढून घेतला, कारण ती गार नव्हती. ही ब्याद आजच्या आज परत करू, असं मी म्हटलं. आत्या बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होती. मग तिने फडका आणून फरशी पुसली, पाना घेतला, सीट खाली केली आणि म्हणाली की उशीर होतोय, आज तीन कवळ्या द्यायच्या आहेत.

पुढे तिने जे केलं ते कवळ्या बनवणारी बाईच करू जाणे. लॅबमधून तिने गुलाबी मेणाचे पातळ पत्रे आणले आणि झोपण्याआधी हॅण्डलच्या दोन्ही मुठींना गुंडाळले. डॉक्टर माणसाला माप घेताना चावायला सांगतात ना, तसंच. सकाळी मेणात दोन हात उमटलेले होते. तिने ते पत्रे जपून लॅबमध्ये नेले, प्लॅस्टर ओतलं आणि पुढच्या सुट्टीला मी गेलो तेव्हा मांडणीवर, बशांच्या शेजारी, दोन पांढरे तळवे ठेवलेले होते.

मोठे, हाडापेराचे हात. आवळलेले. मी जेवलो नाही त्या दिवशी. आत्या मात्र ते हात मला उलटसुलट करून दाखवत होती. उजव्या हाताची दोन बोटं मेणावर टेकलेलीच नव्हती.

"ब्रेकवर ठेवतो तो बोटं," ती म्हणाली. "सारखी. भित्रा आहे बिचारा."

मी तिला विचारलं की तो माणूस आहे कशावरून.

"मेण गार हाताने दबत नाही," आत्या म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला की मला त्या हातांपेक्षा तिची जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून त्याचं नाव भिडू पडलं. मीच ठेवलं, चेष्टेत, आणि तिने ते गंभीरपणे उचललं. भिडूला उंच सीट लागते म्हणून सकाळी पाना फिरवताना तिची कुरकुर बंद झाली. चाकांत हवा ती दोघांच्या वाटणीची भरून ठेवू लागली. थंडी पडली तेव्हा तिने मोठ्या मापाचे लोकरीचे हातमोजे विणले आणि हॅण्डलवर अडकवून ठेवले. ते सकाळी आतून दमट असायचे. तो कुठे जातो, कुणाकडे जातो, तांबूस माती कुठली, यावर ती तासन्‌तास बोलायची. कालव्याच्या वळणावर ती स्वतःही ब्रेकवर बोटं ठेवायला लागली, आणि एकदा तिथे समोरून भरधाव ट्रक आला तेव्हा त्यानेच तिला वाचवलं, असं तिचं ठाम मत झालं. मी निघताना ती आता मला दारात उभं करत नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. मला सांगायला लाज वाटते, पण मला त्या दोन प्लॅस्टरच्या हातांचा हेवा वाटायचा.

हप्ते मात्र ती तारखेच्या तारखेला भरत होती. ऋण ठेवणं तिला जमलंच नसतं. आणि एक दिवस, दुपारचा चहा गाळताना, तिचा हात मध्येच थांबला. पुढचा हप्ता शेवटचा होता. तो भरला की दुसरी किल्ली तिला मिळणार, सायकल एकटीची होणार आणि भिडूचा हक्क संपणार. नाही भरला तर सायकलच जाणार, आणि सायकलीबरोबर तोही, शिवाय लॅबही. तिने सगळ्या बाजूंनी विचार केला होता. जास्तीचे हप्ते लावून घ्याल का, असं दुकानदाराला विचारूनही आली होती. तो नाही म्हणाला. हे सांगताना माझी आत्या, जी आईवडिलांच्या चितांसमोर ताठ उभी होती, ती गाळणी हातात धरून नुसती उभी राहिली.

ठरल्या दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिने पैसे टेबलावर ठेवले, दुकानदाराने भिंतीवरची किल्ली काढली, फुंकर मारून जाळं झटकलं आणि तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलली नाही. भिडू कोण होता, एवढं सांगा, असं ती म्हणाली.

दुकानदाराने गळ्याचं बटण चाचपलं. "व्याज कुणीतरी भरतंच, बाई," तो म्हणाला. "तुमचं तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाने भरलं. त्याचं खातं आज मिटलं. आता तुमची पाळी."

कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही. मी आवाज चढवून विचारलं, तरी नाही. यात त्या माणसाला काय मिळतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. आत्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सीट खालीच होती. तिसऱ्या दिवशीही. टायर कोरडे, हातमोजे कोरडे. आत्या रोज सकाळी पाना हातात घेऊन सायकलीजवळ जायची आणि तसाच परत ठेवायची. तिचं जेवण कमी झालं. एका कवळीत तिने पुढचे दोन दात उलटे बसवले, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. मी सुट्टी नसतानाही जायला लागलो, पण माझं येणं म्हणजे मोठ्या भोकाला छोटं ठिगळ होतं. ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मग तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. सायकल सवयीची होती, रस्ता तोच होता, तरी सकाळी उठली की पाय भरून आलेले असायचे. तळहात लाल असायचे. एकदा मी पहाटे कामावर जाताना डोकावलो तर तिने आतून कडी काढली, आणि तिच्या साडीच्या काठाला सगळीकडून कुसळं चिकटलेली होती. केसांत ओल्या पानांचा वास होता. तिची सायकल कॉटशेजारी कोरडी ठणठणीत उभी होती. तू कुठे गेली होतीस, असं मी विचारलं. कुठेच नाही, आत्ता तुझ्या ठोठावण्याने जागी झाले, ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पावलांना तांबूस माती होती.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी मीटरचे आकडे चुकीचे लिहिले. तिला डॉक्टरकडे नेऊ, माझ्या घरी नेऊ, त्या दुकानाला आग लावू, असं काय काय माझ्या डोक्यात येत होतं. आत्याने पाय धुतले आणि शांतपणे कुसळं वेचत बसली. तिला बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं. ती एकेक कुसळ काढून बशीत ठेवत होती आणि गुणगुणत होती.

त्यानंतर काही महिन्यांनी मी माझ्या फेरीवर होतो. चष्म्यांच्या एका दुकानासमोर तिथलीच एक उंच मुलगी सायकलची सीट वर करत होती. पाना फिरवण्यात सराव होता आणि चेहऱ्यावर चिडचिड नव्हती. सायकलच्या दांड्यावर त्याच बोळातल्या दुकानाच्या नावाची चिकटपट्टी होती. टायरांकडे मी मुद्दामच पाहिलं नाही.

आत्याचा चष्मा जुना झाला होता, म्हणून तो बहाणा खोटाही नव्हता. मी तिला तिथे घेऊन गेलो, काही न सांगता. सायकल दारातच होती. आत्या दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. मग तिचा हात आपणहून हॅण्डलकडे गेला. रबराची मूठ नवीच होती, पण मधोमध झिजलेली, लहान तळव्याएवढी. आत्याचा हात तिथे असा बसला की बोटं मिटताना तिला पाहावंही लागलं नाही.

मुलगी दारात आली. तिने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग आत्याच्या तोंडाकडे.

"फार घट्ट धरता तुम्ही," ती म्हणाली.

आत्याने चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. माझ्या ध्यानातच येत नाही, यापुढे सैल धरीन, असं काहीबाही पुटपुटली. मुलगी म्हणाली की असू दे, मी मुठींना कापड गुंडाळून ठेवीन, हात सोलवटू नयेत म्हणून. तिने आम्हाला आत बसवलं. ती या शहरात एकटी राहत होती, चष्म्याची गिऱ्हाइकं सोडली तर दिवसभर कुणाशी बोलणं व्हायचं नाही, हे तिने चष्म्याचं माप घेता घेता सांगून टाकलं. आत्या ऐकत होती, काचेतून अक्षरं वाचायची विसरून.

हप्ते किती राहिले, एवढंच आत्याने विचारलं. मुलगी थोडा वेळ काचा पुसत राहिली. थोडे राहिलेत, ती म्हणाली, पण या महिन्याचा तिने मुद्दाम अडवून धरला होता.

"अडवू नकोस," आत्या म्हणाली. "सायकल घेऊन जातील ते."

"सगळे फिटले की तुमचं येणं बंद होईल."

"होईल. तरी भर."

मुलीने काचा खाली ठेवल्या. "भरते," ती म्हणाली. "पण दुकान बंद केल्यावर मी संध्याकाळी रिकामी असते, काकू. तुम्ही तेव्हा याल का? जागेपणी?"

आत्याने मान हलवली. मग पुन्हा हलवली, पहिली दिसली नसेल तर म्हणून. मुलीने तिचा जुना चष्मा पुसून तिच्या हातात दिला आणि उद्या या, म्हणाली.

आम्ही चालत परतलो. मी जाम खुशीत होतो आणि काहीतरी बडबडत होतो. कालव्याच्या वळणाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की आत्या मागे राहिली आहे. ती कठड्याला टेकून उभी होती आणि चष्मा काढून हातात धरला होता.

"भिडूला मी असं नाही रे विचारलं," ती म्हणाली.